धाराशिव जिल्ह्यातील माळरानांची जैवविविधता : मोजमाप आणि संवर्धन

सारांश :

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा महाराष्ट्रातील अत्यल्प वनाच्छादनाचा जिल्हा आहे. त्यामुळे येथे जतन करण्याजोगी जैवविविधता फारशी नाही, असा सार्वत्रिक समज आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करण्यात आली आहे. जैवविविधता कशी मोजली जाते, कोणत्या मापनपद्धतीने काय दिसते आणि काय दिसत नाही, तसेच मोजमापातील उणिवांचा संवर्धनाच्या निर्णयांवर कसा परिणाम होतो, याचे विवेचन जिल्ह्यातील माळरानांच्या संदर्भात केले आहे.

बीजसंज्ञा : जैवविविधता निर्देशांक, माळरान, प्रजातीसमृद्धी, लोकजैवविविधता नोंदवही, बालाघाट, येडशी-रामलिंग अभयारण्य.

प्रस्तावना :

'जैवविविधता' हा शब्द आज अभ्यासक्रमापासून शासकीय परिपत्रकांपर्यंत सर्वत्र वापरला जातो. इंग्रजीतील मूळ संज्ञा १९८० च्या दशकाच्या मध्यास रूढ झाली. १९९२ च्या रिओ येथील वसुंधरा परिषदेत जैविक विविधता करार स्वाक्षरीसाठी खुला झाल्यावर तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारताने या करारास अनुसरून जैविक विविधता अधिनियम २००२ संमत केला. जगाच्या भूभागापैकी केवळ सुमारे २.४ टक्के क्षेत्र असलेल्या आपल्या देशात ज्ञात प्रजातींपैकी ७ ते ८ टक्के प्रजाती आढळतात, ही बाब सर्वश्रुत आहे.

तथापि, हा विषय राष्ट्रीय पातळीवरून जिल्हा पातळीवर आणला की चित्र धूसर होते. सह्याद्रीतील किंवा गडचिरोलीतील जैवविविधतेबद्दल कोणी शंका घेत नाही. परंतु वारंवार दुष्काळाला सामोरे जाणाऱ्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात जैवविविधता ती कोणती, असा प्रश्न सहज विचारला जातो. भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेच्या अहवालांनुसार जिल्ह्याचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्यापेक्षाही कमी आहे. हा आकडा खरा आहे. मात्र त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष खरा आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

जिल्ह्याची परिसंस्थात्मक पार्श्वभूमी :

सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट पठारावर वसलेला आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा हे त्याचे आठ तालुके होत. जिल्ह्यातून जाणारी बालाघाटची रांग ही महत्त्वाची जलविभाजक आहे. तिच्या एका अंगाचे पाणी मांजरा व तेरणा या नद्यांद्वारे गोदावरीला मिळते, तर दुसऱ्या अंगाचे पाणी सीना व बोरी यांच्या मार्गे भीमेकडे म्हणजेच कृष्णेच्या खोऱ्यात जाते. वार्षिक पर्जन्य सरासरी ७०० ते ८०० मि.मी.च्या दरम्यान असला तरी तो अत्यंत अनिश्चित आहे.

या भूरचनेमुळे जिल्ह्यात स्थूलमानाने चार प्रकारचे अधिवास निर्माण झाले आहेत. बालाघाटच्या उतारांवर शुष्क पानझडी व खुरटे वन आहे. उथळ मुरमाड जमिनीवर गवताळ माळराने व गायराने आहेत. नद्या, तलाव आणि धरणांचे जलाशय यांचे पाणथळ अधिवास आहेत. आणि या सर्वांहून विस्ताराने मोठी अशी शेती आहे. धावडा, पळस, आपटा, हिवर, बोर, सीताफळ हे वृक्ष व झुडपे उतारांवर दिसतात. माळावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते, त्यांच्या आधाराने जगणारे काळवीट, ससा, खोकड व लांडगा, तसेच चंडोल, पखुर्डी, माळटिटवी यांसारखे पक्षी आढळतात. हिवाळ्यात भोवत्या हा स्थलांतरित शिकारी पक्षी गवतातील टोळांच्या शोधात माळांवर उतरतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसर माळढोकासाठी प्रसिद्ध झाला, तोही अशाच माळरानामुळे. आज माळढोक अतिसंकटग्रस्त असून महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. गवताळ परिसंस्थेकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत काय असते, याचे याहून ठळक उदाहरण देता येणार नाही.

जैवविविधतेचे मोजमाप : मूलभूत संकल्पना

जैवविविधतेचे जनुकीय, प्रजातीय आणि परिसंस्थीय असे तीन स्तर मानले जातात. क्षेत्रीय अभ्यासात प्रामुख्याने प्रजातीय विविधता मोजली जाते. तिचे दोन घटक असतात. पहिला घटक म्हणजे प्रजातीसमृद्धी, अर्थात एखाद्या ठिकाणी किती प्रजाती आहेत. दुसरा घटक म्हणजे समानता, अर्थात त्या प्रजातींमध्ये एकूण जीवसंख्या कशी वाटली गेली आहे. केवळ पहिल्या घटकावर विसंबून राहिल्यास दिशाभूल कशी होते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

समजा, सारख्या आकाराच्या दोन भूखंडांवर प्रत्येकी १०० झाडे आहेत आणि दोन्हीकडे प्रजाती पाचच आहेत. पहिल्या भूखंडावर धावडा, पळस, आपटा, हिवर व बोर यांची प्रत्येकी २० झाडे आहेत. दुसऱ्या भूखंडावर लागवड केलेल्या गिरिपुष्पाची ९२ झाडे असून इतर चार प्रजातींची प्रत्येकी केवळ २ झाडे उरली आहेत. वृक्षगणनेच्या तक्त्यात दोन्ही भूखंड सारखेच दिसतील : झाडे १००, प्रजाती ५.

आता शॅनन निर्देशांक काढून पाहावा. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाच्या संदर्भात मांडलेले हे सूत्र पुढे परिस्थितिकीत स्वीकारले गेले. प्रत्येक प्रजातीचे एकूण संख्येतील प्रमाण काढावयाचे, त्यास त्याच प्रमाणाच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणावयाचे, सर्व गुणाकारांची बेरीज करून चिन्ह बदलावयाचे, अशी त्याची रीत आहे. या रीतीने पहिल्या भूखंडाचा निर्देशांक १.६१ येतो, तर दुसऱ्याचा केवळ ०.३९ येतो. एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये सुचविलेली पद्धत निराळी आहे. यदृच्छया निवडलेली दोन झाडे भिन्न प्रजातींची असण्याची संभाव्यता तीत पाहिली जाते. ती पहिल्या भूखंडासाठी ०.८० आणि दुसऱ्यासाठी ०.१५ इतकी भरते.

हे आकडे अधिक सुबोध करण्यासाठी 'परिणामी प्रजातीसंख्या' ही संकल्पना उपयोगी पडते. शॅनन निर्देशांकाचे घातांकी मूल्य काढले असता पहिल्या भूखंडाची परिणामी प्रजातीसंख्या ५, तर दुसऱ्याची सुमारे दीड येते. याचा अर्थ असा की, कागदोपत्री पाच प्रजाती असलेला दुसरा भूखंड विविधतेच्या दृष्टीने दीड प्रजातींच्या भूखंडाइतकाच आहे. झाडांची संख्या आणि जैवविविधता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

स्थानिक, तौलनिक आणि प्रादेशिक विविधता :

रॉबर्ट व्हिटेकर यांनी विविधतेचे अल्फा, बीटा आणि गॅमा असे वर्गीकरण केले. एका ठिकाणची विविधता ती अल्फा, दोन ठिकाणांमधील प्रजातींचा फरक तो बीटा आणि संपूर्ण प्रदेशाची एकत्रित विविधता ती गॅमा होय. जिल्ह्याच्या नियोजनात बीटा विविधतेला विशेष महत्त्व आहे. पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. दोन माळांवर प्रत्येकी ३० वनस्पतिप्रजाती आहेत. त्यांतील २४ समान असतील तर दोन्ही माळांची मिळून ३६ प्रजाती होतात आणि जॅकार्ड साम्य गुणांक ०.६७ येतो. समान प्रजाती केवळ ६ असतील तर एकूण प्रजाती ५४ होतात आणि गुणांक ०.११ येतो. पहिल्या स्थितीत एक माळ नष्ट झाला तर ६ प्रजाती गमावल्या जातील. दुसऱ्या स्थितीत मात्र २४ प्रजातींचा नाश होईल. म्हणूनच 'एक गायरान गेले तरी दुसरे आहे' हा युक्तिवाद तौलनिक सर्वेक्षणाशिवाय ग्राह्य धरता येत नाही. परंड्याचा कमी पावसाचा माळ आणि तुळजापूरचा डोंगरमाथा यांना एकमेकांचे पर्याय समजणे शास्त्रीयदृष्ट्या धोक्याचे आहे.

क्षेत्रीय पद्धती आणि त्यांच्या मर्यादा :

वनस्पतींसाठी चौकट पद्धत, पक्ष्यांसाठी रेषामार्ग व बिंदुगणना पद्धत आणि निशाचर सस्तन प्राण्यांसाठी स्वयंचलित कॅमेरा या पद्धती सर्वसाधारणपणे वापरल्या जातात. गवत व औषधी वनस्पतींसाठी एक मीटर बाजूची चौकट पुरेशी ठरते, तर वृक्षांसाठी दहा मीटर किंवा त्याहून मोठी चौकट घ्यावी लागते. चौकटी किती घ्याव्यात, याचे उत्तर प्रजातीसंचय वक्राने मिळते. नव्या चौकटीत नव्या प्रजाती सापडण्याचे प्रमाण जवळजवळ थांबले म्हणजे नमुना पुरेसा झाला, असे समजले जाते.

धाराशिवच्या हवामानात ऋतूचा प्रश्न निर्णायक आहे. माळावरील बहुसंख्य औषधी वनस्पती व गवते जून ते ऑक्टोबर या काळात उगवतात, फुलतात आणि बी टाकून वाळून जातात. हाच माळ एप्रिल-मे महिन्यात पाहिला तर तो उजाड भासतो. परीक्षा संपल्यानंतर उन्हाळी सुट्टीत केलेले सर्वेक्षण याच कारणाने सदोष ठरते. एकाच चौकटीची किमान पावसाळ्याच्या मध्यास, पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्यात अशी तीनदा नोंद झाल्याशिवाय माळाची समृद्धी समजत नाही.

निर्देशांकालाही मर्यादा आहेत. प्रजाती कोणती, हे तो सांगत नाही. गाजरगवत, घाणेरी, वेडी बाभूळ या परकीय प्रजातींची भर पडली तरी आरंभी प्रजातीसमृद्धी वाढल्याचेच दिसते. यासाठी निर्देशांकासोबत सूचक प्रजातींकडे लक्ष द्यावे लागते. दख्खनच्या माळावर पवन्या व मारवेल ही बहुवर्षायू, चाऱ्यास उत्तम गवते चांगल्या स्थितीची खूण मानली जातात. अतिचराई झाली की त्यांची जागा कुसळी घेते आणि ऱ्हास अधिक झाला की हलकी, अल्पायुषी गवते उरतात. हा अवनतीचा क्रम कोणत्याही उपकरणाविना ओळखता येतो. गुराख्यांना तो पूर्वापार ठाऊक आहे.

वनाच्छादनाचा आकडा आणि माळरानाचे अदृश्यत्व :

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता दहा टक्के किंवा अधिक असेल तर ते क्षेत्र वनाच्छादित समजले जाते. जमीन कोणाची आणि वृक्ष कोणते, याचा विचार त्यात होत नाही. त्यामुळे सलग फळबाग किंवा एकाच प्रजातीची लागवड या आकड्यात समाविष्ट होऊ शकते, मात्र शेकडो वर्षांचे नैसर्गिक माळरान वगळले जाते. ही त्या सर्वेक्षणाची चूक नव्हे, कारण त्याचा उद्देशच वृक्षछत्र मोजणे हा आहे. चूक होते ती या आकड्याला जैवविविधतेचे माप समजण्यात.

या गैरसमजाचे परिणाम दूरगामी आहेत. कमी वनाच्छादन ही त्रुटी मानली की वृक्षलागवड हा एकमेव उपाय ठरतो आणि त्यासाठी 'पडीक' म्हणून माळरानच निवडले जाते. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प जाहीर झाले. या मोहिमांनी लोकसहभाग वाढविला, हे मान्य केले पाहिजे. परंतु यश रोपांच्या संख्येत मोजले गेल्याने, रोप कोणते आणि ते कोणत्या परिसंस्थेत लावले गेले, हा प्रश्न मागे पडला. उथळ मातीच्या माळावर खड्डे व चर खोदून गिरिपुष्पासारखी जलद वाढणारी परकीय झाडे लावल्यास छत्राखाली गवत क्षीण होते, उघड्यावर घरटे करणारे चंडोल व माळटिटवी यांचा अधिवास जातो आणि गुरांचा चाराही घटतो. पवनचक्क्या व सौरप्रकल्पांसाठीही जिल्ह्यात माळाची जमीन वापरली जात आहे. स्वच्छ ऊर्जेची गरज निर्विवाद आहे, पण जागेची निवड करताना तेथे काय आहे याची नोंदच नसेल तर पर्यायांचा विचार होणार कसा, हा खरा प्रश्न आहे.

आधाररेषा : 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद'

कोणताही ऱ्हास किंवा सुधारणा मोजण्यासाठी पूर्वस्थितीची नोंद आवश्यक असते. या बाबतीत धाराशिव जिल्हा सुदैवी आहे. तत्कालीन मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एन. नाईक यांचा 'द फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' हा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतिसंपदेवर द्विखंडात्मक ग्रंथही सिद्ध केला. एका दुष्काळी जिल्ह्याची वनस्पतिसूची इतक्या आधी तयार झाली, ही अभिमानाची बाब आहे.

मात्र तिचा वापर करताना एक दक्षता घ्यावी लागते. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. त्यामुळे १९७९ च्या ग्रंथातील 'उस्मानाबाद' आजच्या धाराशिवपेक्षा पुष्कळ मोठा आहे. त्या सूचीतील एखादी वनस्पती आज धाराशिवमध्ये आढळली नाही, तर ती नष्ट झाली असे लगेच म्हणता येणार नाही, कारण तिचे मूळ स्थान लातूरच्या हद्दीत असू शकते. प्रत्येक नोंदीचे गाव तपासून मगच तुलना करणे योग्य ठरेल. शिवाय सूची म्हणजे मोजमाप नव्हे. सूचीत प्रजातीची उपस्थिती कळते, विपुलता कळत नाही. म्हणून जुन्या सूचीला नव्या चौकटींच्या नोंदींची जोड देणे हे आजच्या पिढीतील प्राध्यापकांचे कार्य ठरते.

येडशीचा वाघ : एक बोधप्रद घटना

येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २२ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातील कॅमेऱ्यात वाघाचे छायाचित्र टिपले गेले. हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आल्याचे समोर आले, म्हणजेच त्याने चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास केला होता. या घटनेने जिल्ह्यात कुतूहल आणि भीती दोन्ही निर्माण झाली.

जैवविविधतेच्या अभ्यासाच्या दृष्टीने या घटनेतून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, शेते, ओढे, गायराने व झुडपी टेकड्या यांची तुटक साखळी आजही वन्यजीवांना मार्ग देऊ शकते. ही साखळी वनाच्छादनाच्या नकाशावर दिसत नाही, वाघाने मात्र ती वापरली. दोन, एका वाघाच्या आगमनावरून अभयारण्य समृद्ध झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. एका नर वाघाला लागणारे क्षेत्र या अभयारण्याहून कितीतरी मोठे असते. वाघाची नोंद एका छायाचित्राने होते, परंतु त्याच टेकड्यांवरील गवत, कीटक व लहान प्राणी यांच्या स्थितीसाठी वर्षानुवर्षे नियमित मोजणी करावी लागते. प्रसिद्धी पहिल्या नोंदीला मिळते, संवर्धनाचा पाया मात्र दुसरीवर उभा राहतो.

लोकजैवविविधता नोंदवही :

जैविक विविधता अधिनियमाच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे. स्थानिक लोकांच्या सल्ल्याने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख कार्य आहे. अशा नोंदवहीच्या संकल्पनेची मांडणी करण्यात प्रा. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने समित्या व नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि विलंबासाठी राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरण्याची तरतूद केली. त्यामुळे कामाला गती आली. परंतु मुदतीच्या दडपणाखाली केलेली नोंदवही ही ऋतुचक्र पाहून, गुराखी, मेंढपाळ, वैदू, मासेमार आणि शेतकरी महिला यांच्याशी बोलून केलेल्या नोंदवहीची जागा घेऊ शकत नाही. नोंदवही हा पूर्ण करून ठेवण्याचा दस्तऐवज नसून दरवर्षी भर घालण्याचा दस्तऐवज आहे, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

नोंदवहीत पाळीव विविधतेलाही स्थान आहे. जिल्ह्याचे जुने नाव धारण करणारी उस्मानाबादी शेळी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. प्रामुख्याने काळा रंग, जुळी करडे देण्याची क्षमता आणि दुष्काळात तग धरण्याचा गुण यांमुळे ही जात देशभर ओळखली जाते. अन्य जातींशी अनियंत्रित संकर झाल्यास हे गुण विरळ होतात. येथे एक अंतर्विरोधही आहे. शेळी हा जनुकीय ठेवा आहे आणि तीच अतिचराईचे एक कारणही ठरू शकते. म्हणून शेळी व गवत यांचा विचार एकत्रच करावा लागतो. पीकविविधतेचीही स्थिती अशीच आहे. खरिपात सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले, तसे मिश्र पिकांचे वैविध्य आक्रसले. हाही समानता घटल्याचाच प्रकार असून शॅनन निर्देशांक शेतशिवारालाही लावता येतो.

संवर्धनाच्या दिशा :

१) माळरानाची 'पडीक' या सदरातून सुटका करून त्यास परिसंस्था म्हणून मान्यता देणे. लागवडीपूर्वी व प्रकल्पापूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस सर्वेक्षण करणे.

२) गायरानांवर आळीपाळीने चराई आणि बी पडल्यानंतर गवत कापणी, असे नियम ग्रामसभेने ठरविणे. यासाठी निधीपेक्षा सहमती अधिक लागते.

३) अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये निवडक माळांना जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळविण्याचा प्रयत्न करणे. गडचिरोलीतील 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या वनास २०१४ मध्ये राज्यातील पहिले असे स्थळ म्हणून घोषित करण्यात आले. गवताळ माळालाही ही तरतूद लागू होऊ शकते.

४) राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिलेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात गवताळ व माळरान क्षेत्रांचा अंतर्भाव आहे. त्याच्याशी स्थानिक काम जोडणे.

५) प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एका माळावर कायमस्वरूपी चौकटी आखून त्यांची दरवर्षी, ठरलेल्या महिन्यांत, एकाच पद्धतीने नोंद घेणे. वनस्पतिशास्त्र विभागाने नमुने जतन करावेत, प्राणिशास्त्र विभागाने पक्षी व कीटक नोंदवावेत, भूगोल विभागाने नकाशे करावेत, संख्याशास्त्र विभागाने विश्लेषण करावे आणि समाजशास्त्र व मराठी विभागांनी स्थानिक नावे व लोकज्ञान संकलित करावे.

समारोप :

जे मोजले जाते त्याची दखल घेतली जाते आणि जे मोजलेच जात नाही ते निर्णयप्रक्रियेत अस्तित्वहीन ठरते. धाराशिव जिल्ह्यात वृक्षछत्र मोजले गेले, रोपे मोजली गेली, परंतु माळाचे गवत मोजले गेले नाही. त्यामुळे जिल्हा निसर्गाच्या बाबतीत दरिद्री असल्याचा समज दृढ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे स्वीकारलेल्या जागतिक जैवविविधता आराखड्यात २०३० पर्यंत ३० टक्के भूभागाच्या संरक्षणाचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट केवळ घनदाट अरण्यांच्या बळावर गाठता येणारे नाही. एक मीटरची चौकट, एक नोंदवही, माळ ओळखणारा एक गुराखी आणि दरवर्षी परत येणारा एक अध्यापक एवढ्या साधनांनी हे काम सुरू होऊ शकते. डॉ. नाईक यांच्या ग्रंथाला २०२९ मध्ये ५० वर्षे पूर्ण होतील. तोपर्यंत जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मिळून त्या सूचीचे गावनिहाय पुनर्सर्वेक्षण पूर्ण केले, तर धाराशिवने काय राखले आणि काय गमावले, याचे उत्तर प्रथमच पुराव्यासह देता येईल.